डनबॅरोचा डुक्कर-हवालदार

डनबॅरो, न्यू हॅम्पशायर
११ मार्च १९३६

प्रिय थॅड,

काल ग्रामसभा झाली. बर्फ खिडक्यांपर्यंत चढलं होतं तरी अख्खा गाव आला. म्हातारा टटलही आला, पण तो झोपायलाच येतो, त्यामुळे त्याला धरायचं नाही. दुपारी काकवीत रटरटलेला घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि काळा पाव होता. पाव मी केला होता आणि तो संपला. हे मुद्दाम लिहिते, कारण गेल्या वर्षी थोडा उरला आणि ते मला उन्हाळ्यापर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

आता बातमी. तू निवडून आलास. सिनेटर म्हणून तुला राज्याची विधानसभा नेमते, तेव्हा आम्हाला कोणी विचारत नाही. काल मात्र गावाने स्वतः हात वर करून तुला निवडलं. तू या सालचा डुक्कर-हवालदार. सरत्या वर्षात ज्याचं लग्न झालं त्याच्या गळ्यात हे काम पडतं, हे तुला सांगायला नको. सुटी डुकरं धरायची, नाकात कडी घालायची, कोंडवाड्यात डांबायची. तू ऑक्टोबरात त्या ओटिलीशी लग्न केलंस, म्हणजे तू आलासच. तुझ्या जोडीला टटलचा नातू आहे. तुझं नाव पुकारलं तेव्हा म्हातारा टटलसुद्धा जागा झाला, एवढा हशा पिकला. शपथ जूनच्या आत माझ्यासमोर घ्यायची आहे. गावची चिटणीस मी आहे, त्यामुळे पळवाट शोधू नकोस.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. तुमचा तो कारभारी कायदा. लहान गावांच्या ग्रामसभा बंद करायच्या, पंच आणि चिटणीस घरी बसवायचे, आणि राजधानी सेंट लुईसहून पगारी कारभारी पाठवायचा. तो म्हणेल तो रस्ता आणि तो म्हणेल तो मास्तर. गावाने याविरुद्ध ठराव केला. विरोधात एकही हात नव्हता. मी उभी राहून म्हटलं की आपला थॅड तिथे बसलेला आहे, आणि लोकांनी समाधानाने माना डोलावल्या.

तू मत कसं देणार ते कळव. एक ओळ पुरे.

तुझी आत्या
केझाया

*

सेंट लुईस
२० मार्च १९३६

ती. केझाया आत्यास,

तुझं पत्र पोचलं, पण वर्तमानपत्रं त्याच्या आधी पोचली होती. एकाने पहिल्याच पानावर माझं चित्र छापलं आहे. डोक्यावर उंच टोपी, बगलेत डुक्कर, आणि डुकराच्या गळ्यात पाटी : 'भावी राष्ट्राध्यक्ष'. आता मी सिनेटमध्ये शिरलो की मागच्या बाकांवरून कोणीतरी डुकराचा आवाज काढतो. चांगला काढतो. घरी सराव करत असावा.

बाबा जेवता जेवता पानावरून उठले. त्यांचं म्हणणं आहे की गाव मार्स्टन घराण्याच्या तोंडावर थुंकलं. पणजोबा, आजोबा, ते स्वतः आणि मी, चार पिढ्या सिनेटमध्ये बसलो त्याचं हे बक्षीस. यामागे तुझा हात आहे अशी त्यांची खात्री आहे. मी म्हटलं, आत्या असं करणार नाही.

माझी विनंती एवढीच, की माझं नाव काढून टाक. सभा बोलावून काढ किंवा नुसती रेघ मारून काढ. या दिवसांत माझं हसं होणं परवडणारं नाही. जुलैमध्ये पक्षाचा मेळावा आहे आणि बरंच काही त्यावर ठरायचं आहे.

ओटिली मजेत आहे. मिसिसिपीला पूर आला आहे आणि सिनेटच्या पायऱ्यांवर घोट्याएवढा चिखल आहे. यादवी युद्ध संपल्यावर ज्यांनी वॉशिंग्टनहून राजधानी उचलून इथे आणली, त्यांना एकदा मार्च महिन्यात या पायऱ्या चढायला लावायला हवं होतं. माझे आजोबाही त्यांतलेच.

कायद्याचं म्हणशील तर त्याला अनेक बाजू आहेत. मी अभ्यास करतो आहे.

आपला,
थॅडियस

*

डनबॅरो
२७ मार्च १९३६

प्रिय थॅड,

तू खाली 'थॅडियस' अशी सही केलीस. लहानपणी बरणी फोडलीस की तू मला 'आत्याबाई' म्हणायचास, त्याची आठवण झाली. पत्रात चिखलावर चांगला परिच्छेद आहे आणि कायद्यावर दोन तोकडी वाक्यं. मी समजायचं ते समजले.

घराण्याबद्दल बोलतोस म्हणून सांगते. तुझ्या बापाने तुला ही गोष्ट सांगितली नसणार. तुझा आसा पणजोबा, म्हणजे माझा आजोबा, कोणी जमीनदार नव्हता. लग्न झालं तसा तो डुक्कर-हवालदार झाला. एका रविवारी प्रवचन चालू असताना एक डुकरीण चर्चमध्ये घुसली आणि पुढच्या बाकाशी जाऊन आडवी झाली. लोक आसाकडे बघायला लागले. तो उठला, डुकरिणीशेजारी जाऊन बसला, आणि प्रवचन संपेपर्यंत तिच्या कानाला धरून तिथेच बसून राहिला. ते प्रवचन लांबलचक होतं म्हणतात. शेवटचं आमेन झालं तसा तो तिला कानाला धरूनच बाहेर घेऊन गेला. गाव म्हणालं, हा माणूस कुठल्याही सभेत टिकेल. म्हणून त्याला आधी विधानसभेत पाठवला आणि तिथून वॉशिंग्टनला. तिथल्या सिनेटच्या घुमटाखाली आता तंबाखू वाळत घालतात म्हणे, पण तेव्हा ती राजधानी होती. तेव्हा तुझं घराणं डुकरिणीच्या कानापासून सुरू होतं, हे लक्षात असू दे.

नाव रेघ मारून निघत नाही. सुटका हवी असेल तर ग्रामसभेत स्वतः उभं राहून मागायची. लोक हसतात आणि मग देतात. आजवर कोणाला नाकारलेली नाही. तुझ्या बापाला मात्र ते जमलं नाही. त्याचं लग्न झालं त्या साली आम्ही त्याला निवडलं, तर तो मागच्या दाराने जो निघाला तो तडक स्टेशनवर. त्याची शपथ अजून बाकीच आहे. पुढे तो गावात भाषणं द्यायला आला, पण आमच्यात जेवायला कधी बसला नाही.

आणि तुझं नाव मीच सुचवलं. बापाला सांग, त्याची खात्री बरोबर आहे.

टटलची डुकरीण आठवडाभर शाळेच्या अंगणात ठाण मांडून आहे. पोरं खूश आहेत. मास्तरीणबाई तुझी वाट बघते आहे.

आत्या

*

सेंट लुईस
१२ एप्रिल १९३६

आदरणीय आत्याबाई,

आपली अजून गाठ पडली नाही, आणि मी हे पत्र थॅडला न सांगता लिहिते आहे. सुरुवात काही चांगली नाही, पण माझा इलाज नाही.

आधी हे सांगते की मला त्या निवडणुकीचा जराही राग आला नाही. माझ्या वडिलांचा बिअरचा कारखाना आहे. आमच्यात नवऱ्या मुलाला भरलेलं पिंप खांद्यावर घेऊन अंगणाला फेरी मारावी लागते. थॅडने ते पिंप पाडलं आणि सगळं अंगण फेसाने भरलं. कामगार पोट धरून हसले, तोही हसला, आणि त्याच दिवसापासून ते त्याला आमचा म्हणायला लागले. म्हणून मला तुमच्या गावचं वागणं कळतं. सासऱ्यांना कळत नाही.

आता जे लिहायला बसले ते. थॅडने शब्द दिला आहे. कारभारी कायद्यावर बारा मे रोजी मतदान आहे आणि दोन्ही बाजूंची मतं जवळजवळ सारखी आहेत. थॅड कायद्याच्या बाजूने मत देणार, आणि त्याच्या बदल्यात सासरे जुलैच्या मेळाव्यात त्याला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार करणार. सासऱ्यांना स्वतःला ती उमेदवारी मिळाली नाही हे दुःख या घरात रोज आमच्याबरोबर जेवायला बसतं. थॅड तुम्हाला हे कधीच लिहिणार नाही. त्याला तुमच्यापुढे लाज वाटते.

गेल्या रविवारी जेवायला पक्षाची बडी मंडळी होती. सासरे म्हणाले, "ही गावं म्हणजे किडक्या दाढा. एकदा उपटून टाकल्या की तोंड मोकळं." सगळे हसले. थॅडही हसला. आणि मग त्याने पुडिंगला हात लावला नाही. पुडिंग माझ्या आईने पाठवलं होतं आणि त्याला तो कधी नाही म्हणत नाही.

आसा पणजोबांची गोष्ट त्याने मला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी दाढी करताना पुन्हा सांगितली, जणू मी आधी ऐकलीच नव्हती.

मी काय करावं? आणि डुक्कर-हवालदाराच्या बायकोने काय करायचं असतं, तेही कळवा.

तुमची
ओटिली

*

डनबॅरो
१८ एप्रिल १९३६

प्रिय ओटिली,

डुक्कर-हवालदाराच्या बायकोने शपथेच्या दिवशी गावाला डोनट आणि सफरचंदाची सायडर द्यायची असते. सायडरऐवजी बिअर आणलीस तर पाद्री सोडून कोणी तक्रार करणार नाही, आणि पाद्रीही पिऊन झाल्यावरच करेल.

थॅडच्या मागे लागू नकोस. मागे लागणारं माणूस त्याच्या घरात आधीच एक आहे. मला सगळं ठाऊक आहे एवढंच त्याला सांग, आणि ते तू सांगितलंस हेही सांग. नवरा-बायकोत चोरी नको.

सोबत एक पुडकं पाठवते आहे. त्यात आसाचा चिमटा आहे, डुकराच्या नाकात कडी घालायचा. तो माझ्या चुलीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. रिकामा खिळा मला बरा दिसत नाही, म्हणून चिमटा परत यायला हवा. टपालाने पाठवलात तर मी घेणार नाही. कोणीतरी हातात घेऊन यायचं.

तुझी आत्या
केझाया

*

सेंट लुईस
२ मे १९३६

केझाया,

माझ्या मुलाला भंगार पाठवणं बंद कर. तो चिमटा त्याच्या कामाच्या टेबलावर पडलेला असतो आणि येणारा-जाणारा विचारतो.

तुला वाटतं मी गावाचा वैरी आहे. मी तिथे वाढलो, म्हणून मला गाव ठाऊक आहे. एका पुलासाठी तीन वर्षं भांडणारं गाव. ग्रामसभा म्हणजे शेजाऱ्याची जिरवायची हक्काची जागा. एक शिकलेला कारभारी ते सगळं महिन्याभरात सुतासारखं सरळ करेल.

आणि हसण्याबद्दल एकदाच सांगतो. मी तेव्हा कॉलेजातून वर्गात पहिला येऊन परतलो होतो. उराशी मोठे बेत होते. नवी बायको शेजारी बसली होती. आणि सगळं सभागृह माझ्याकडे बोट दाखवून हसत होतं, त्यात तूही होतीस. ते मी विसरलो नाही. माझ्या मुलावर तो प्रसंग येणार नाही. तो या देशाचा राष्ट्राध्यक्ष होईल, आणि तेव्हा त्याला कोणी हसणार नाही.

कायदा मंजूर झाला की डनबॅरोचा कारभारी मी निवडीन. तुझ्या किल्ल्या तयार ठेव.

रॉयल मार्स्टन

*

डनबॅरो
७ मे १९३६

रॉयल,

पूर्वी तू मला ताई म्हणायचास. आता केझाया म्हणतोस, आणि आडनावासकट सही करतोस. मला तुझं आडनाव ठाऊक आहे, माझंही तेच आहे.

हो, मी हसले होते. तुझा चेहरा असा झाला होता की दगडालाही हसू आलं असतं. पण तू मागच्या दाराने गेलास म्हणून तुला पुढचं दिसलं नाही. लोक तुझ्यासाठी जेवायचे थांबले. तुझ्या बायकोला आम्ही मधोमध बसवलं. सगळे दाराकडे बघत होते. घेवडा गार झाला तेव्हा कुठे सभापतींनी सुरुवात करा म्हणून सांगितलं. हसलेल्या माणसांनीच ताट धरून ठेवलं होतं. ते तू कधी ऐकून घेतलं नाहीस. आम्हीही मानी माणसं, सांगायला आलो नाही.

पुलासाठी तीन वर्षं भांडलो हे खरं आहे. तो पूल अजून उभा आहे आणि त्यावरून तुझी मोटार आली तेव्हा हललासुद्धा नाही.

पाठव तुझा कारभारी. किल्ल्या देईन. सभागृहाला कुलूप लावशील तर आम्ही रस्त्यावर सभा घेऊ. रस्ता बंद केलास तर शेतात घेऊ. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि अजून एकही ग्रामसभा चुकवलेली नाही. तुझ्या कायद्याने मी ती चुकवणार नाही.

केझाया

*

सेंट लुईस
१३ मे १९३६

ती. आत्या,

तारेने बातमी आलीच असेल, तरी मला स्वतः सांगायचं आहे.

आधी कायद्याचा मसुदा वाचला गेला. त्याच्या शेवटी रद्द होणाऱ्या पदांची आणि ताब्यात घ्यायच्या जागांची यादी आहे. वाचणारा कारकून कंटाळलेला होता. पंच, चिटणीस, सभापती, कुंपण-पाहणी, लाकूड-मोजणी, चामडं-तपासणी, सगळी जुनी पदं एकामागून एक आली. मी आपल्या पदाची वाट बघत होतो, कारण तेव्हा सगळे माझ्याकडे वळणार हे ठरलेलं होतं. ते आलंच नाही. नंतर कळलं की बाबांनीच ती ओळ खोडायला लावली. मार्स्टनचा मुलगा समोर बसलेला असताना सिनेटमध्ये 'डुक्कर-हवालदार' हा शब्द मोठ्याने वाचला जाऊ नये म्हणून. त्यांनी हे माझ्यासाठी केलं. तरी मला ते बोचलं. गावाने मला एकच पद स्वतःच्या हाताने दिलं, आणि ते यादीत घ्यायचीही लाज.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. आसा पणजोबांचा चिमटा माझ्या खिशात होता. तो इतका जड आहे की कोट एका बाजूला ओढला जात होता. मी उभा राहिलो तसा मागून डुकराचा आवाज आला. मी थांबलो. त्याला पुरता काढू दिला. मग म्हणालो, "आवाज काढणाऱ्या सन्माननीय सदस्यांनी जरा सांभाळून असावं. डनबॅरोचा डुक्कर-हवालदार मी आहे. कायद्याला माझं मत, नाही."

लोक हसले, आत्या. पण त्या वेळी ते माझ्याबरोबर हसले, आणि मला ओटिलीच्या घरचं अंगण आठवलं. वर बघितलं तर बाबा सज्जातून उठून चालले होते. टोपी तिथेच राहिली.

तरीही कायदा मंजूर झाला. दोन मतं कमी पडली. उमेदवारी गेली, आणि माझी मुदत संपतेच आहे, तेव्हा जानेवारीत विधानसभा दुसऱ्या कोणाला नेमेल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी शब्द मोडला हे मला कबूल आहे. मतदानाच्या आधी त्यांच्या खोलीत जाऊन तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुला वाटतं ती माणसं तुझे उपकार मानतील?" मी म्हटलं, मानणार नाहीत, डुक्कर धरायला लावतील.

आम्ही दोघं महिनाअखेरीस येतो आहोत. ओटिलीबरोबर दोन पिंपं आहेत. खिळा रिकामा ठेव.

तुझा
थॅड

*

डनबॅरो
११ मार्च १९३७

रॉयल,

गेल्या मे महिन्यानंतर तू कोणालाच पत्र लिहिलेलं नाहीस, तरी मी लिहिते. तुझ्या मुलाची खुशाली तुला हवी असणार. तो ठणठणीत आहे. शपथ घेतली त्याच दिवशी टटलच्या डुकरिणीने त्याला चिखलात लोळवलं आणि आता तो तिच्याशी जपून वागतो. वरच्या रानात मेपलचा रस आटवतो आहे. ओटिलीने शाळेत पोरांना गाणं शिकवायला घेतलं आहे.

तुझा कारभारी जानेवारीत आला. प्रेंटिस लूमिस. पोरगा वाईट नाही, पण हातमोजे फार पातळ आहेत. त्याने यादी काढली आणि एकेक गोष्ट ताब्यात घेतली. सभागृह, शाळा, वजनकाटा, प्रेतगाडीसुद्धा. मी किल्ल्या दिल्या. म्हटल्याप्रमाणे दिल्या. मग त्याने सभागृहाच्या दारावर कागद डकवला, की यंदा ग्रामसभा होणार नाही, आणि जमाव करू नये.

आम्ही त्याची यादी थॅडच्या स्वयंपाकघरात बसून वाचली. पुन्हा वाचली. थॅड हसायला लागला आणि मग ओटिली. तू खोडलेली ओळ, रॉयल. यादीत डुक्कर-हवालदार नाही, म्हणून ते पद रद्द झालं नाही. आणि कोंडवाडा डुक्कर-हवालदाराच्या ताब्यात असतो, म्हणून यादीत कोंडवाडाही नाही. सगळ्या डनबॅरोत एकच कायदेशीर पद उरलं, आणि एकच जागा. तुला आमच्या हशाची लाज वाटली नसती तर आमच्याकडे काहीच राहिलं नसतं.

जुना नियम तुला आठवत असेल. डुकरं सुटली की हवालदाराने घंटा वाजवायची आणि प्रत्येक घराने कोंडवाड्यात हजर व्हायचं. परवा मंगळवारी, नेमकी सभेच्या दिवशी, सकाळी टटलची डुकरीण सुटली. कोणी सोडली ते मला माहीत नाही. ओटिलीच्या बुटांना शेण होतं. थॅडने घंटा वाजवली आणि अख्खा गाव कोंडवाड्यात आला. वर आभाळ आणि खाली गुडघाभर बर्फ. डुकरीण मधोमध. सभापतीने दगडावर हातोडा आपटला आणि सभा सुरू झाली. टटल यंदा शेवटपर्यंत जागा होता, कारण टेकायला जागाच नव्हती.

लूमिस धावत आला आणि फाटकाशी उभा राहून हा जमाव आहे म्हणाला. थॅडने त्याला अदबीने सांगितलं की जमाव नाही, हे डुकराचं काम आहे. मग तो आत येऊ का म्हणून विचारायला लागला. थॅड म्हणाला, "हा कोंडवाडा आहे, साहेब. आत यायला एक तर डुक्कर असावं लागतं, नाहीतर डनबॅरोचं."

आम्ही मास्तरीणबाईंना कायम केलं, गिरणीचा रस्ता मंजूर केला, पंच निवडले, चिटणीस म्हणून मला निवडलं, आणि यंदा लग्न झालेले दोन हवालदार नेमले. मग भिंतीवर ताटं मांडून जेवलो. लूमिसलाही एक ताट भिंतीवरून दिलं. तो उभ्यानेच जेवला. पाव पुन्हा मागितला.

हे कायदेशीर की बेकायदेशीर ते तुम्ही ठरवा. यादी दुरुस्त करायची तर सिनेटमध्ये कोणाला तरी उभं राहून 'डुक्कर-हवालदार' असं मोठ्याने म्हणावं लागेल, आणि ही ओळ कोणी आणि का खोडली तेही सांगावं लागेल. करा हिंमत.

शेवटी टटल म्हणाला की रॉयल मार्स्टनचं नाव इतकी वर्षं लोंबकळतं आहे, बिचाऱ्याला आता सूट द्या. बरेच हात वर जायला लागले. मी थांबवलं. सूट हवी असेल तर माणसाने स्वतः उभं राहून मागायची, हा नियम तुझ्यासाठी बदलणार नाही. तेव्हा पुढच्या मार्चमध्ये ये. लोक हसतील. त्यानंतर जेवायला वाढतील. गमबूट आण.

केझाया

*

सेंट लुईस
१९ मार्च १९३७

ताई,

यादी दुरुस्त करायचा कागद माझ्या टेबलावर आला होता. मी तो ठेवून दिला. कारण विचारू नकोस.

कोंडवाड्याची उत्तरेकडची भिंत सफरचंदाच्या झाडामागे ढासळलेली आहे. आपण लहानपणी तिथूनच आत-बाहेर करायचो, तुझा झगा तिथेच फाटला होता. लूमिस सडपातळ आहे, तो तिथून सहज आत येईल. बर्फ वितळलं की आधी ती रचून घ्या. थॅडला सांग, मोठे दगड खाली लावायचे.

मी येणार नाही. चारचौघांत उभं राहून सूट मागणं मला तेव्हा जमलं नाही आणि आताही जमणार नाही. मी सूट मागत नाही.

टटलला सांग, माझं नाव काढायचं नाही.

रॉयल